दुसरा नंबर घेताय ना? मग नवा नंबर बँकेला द्या, जुना जगाकडे राहू द्या

माझ्या भाचीची स्थळं बघायला सुरुवात केली तेव्हा ताईने बायोडेटावर खाली संपर्क म्हणून स्वतःचा नंबर टाकला. तोच नंबर तिच्या बँकेला, आधारला, गॅसला, सगळीकडे. ती पीडीएफ दोन वधूवर मंडळांच्या ग्रुपवर गेली, तिथून पुढे कुठे कुठे फिरली ते आता कोणालाच सांगता येणार नाही, पण थोड्याच दिवसांत अनोळखी फोन सुरू झाले आणि एका दुपारी एक जण तिचं नाव, मुलीचं नाव, जन्मगाव, नोकरीचं ठिकाण सगळं बरोब्बर सांगून म्हणाला की तुमच्या खात्याचं केवायसी संपलंय, आता एक ओटीपी येईल तो सांगा. मी शेजारी बसून मटार सोलत होते. ताईने चष्मा लावला, मेसेज उघडला आणि पहिले दोन आकडे बोलून पण झाली होती, मी हातातून फोन ओढला.

त्यानंतर घरातल्या पाच माणसांचे नंबर मी स्वतः बसून वेगळे केले. ते करताना जे जे कळलं ते सगळं सविस्तर लिहितेय. बरेच जण दुसरं सिम घेतात आणि ते दुकानात, पार्सलला, जुनं फर्निचर विकायच्या जाहिरातीत द्यायला लागतात, जुना नंबर मात्र "खासगी" म्हणून बँकेला तसाच ठेवतात. पण अहो तो जुना नंबर दहा-बारा वर्षं सगळ्यांकडे आहे, प्रत्येक मॉलच्या बिलिंग काउंटरवर, सोसायटीच्या गेटवरच्या वहीत, लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर. तो आता खासगी होणं शक्य नाही. म्हणून उलटं करायचं. जगाला माहीत असलेला नंबर जगाकडेच राहू द्यायचा आणि कोरा नंबर घेऊन त्यावर फक्त पैसे आणि ओळखपत्रं हलवायची. काम थोडं जास्त आहे, दोन-तीन आठवडे जातात, पण नातेवाईकांना "माझा नंबर बदलला" असे मेसेज पाठवावे लागत नाहीत हा मोठा फायदा.

आधी कागद-पेन घ्या

सिमच्या दुकानात जायच्या आधी एक यादी करा. तुमचा नंबर कुठे कुठे ओटीपीसाठी लागतो ते लिहा. आधार, बँका (बंद पडल्यासारखं जुनं पगाराचं खातं असेल तर ते पण), पीएफ, डिमॅट, म्युच्युअल फंड, इन्कम टॅक्सचं पोर्टल, विमा, गुगलचं खातं. मेसेज बॉक्समध्ये खाली खाली गेलात तर अर्धी यादी तिथेच मिळते, कारण प्रत्येकाने कधीतरी मेसेज पाठवलेला असतो.

मग दुसरं बघा, तुमच्या नावावर किती सिम आहेत. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर किंवा ॲपवर नंबर टाकून ओटीपी दिला की तुमच्या नावावरचे सगळे नंबर दिसतात (पूर्ण दिसत नाहीत, शेवटचे आकडे दिसतात, तेवढ्यावरून ओळखता येतं). जो तुमचा नाही त्याच्यापुढे "माझा नंबर नाही" असं नोंदवता येतं. एका माणसाच्या नावावर ९ सिम चालतात, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ६. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याहून जास्त असतील तर पहिल्यांदा ५० हजारांपर्यंत दंड आहे. आमच्याकडे वडिलांच्या नावावर एक असा नंबर निघाला की जो त्यांनी कधी घेतलाच नव्हता, कोणीतरी कधीतरी त्यांच्या कागदपत्रांवर काढलेला. त्यावरून काही गुन्हा झाला असता तर पोलीस आमच्या दारात आले असते.

आणि हे पण इथेच सांगते, सिम स्वतःच्याच नावावर घ्या. आधीच चालू केलेलं सिम विकणारे अजूनही कुठे कुठे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. दुसऱ्याच्या नावावर फसवून सिम काढणं याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. आपल्याला नंबर लपवायचाय तो भामट्यांपासून आणि जाहिरातवाल्यांपासून, सरकारपासून लपायचा हा मार्ग नाही आणि तसा प्रयत्न पण करू नका.

एकच फोन दोन सिम, की वेगळा फोन

बहुतेकांना एका फोनमध्ये दोन सिम पुरतात. फक्त एक लक्षात ठेवा, साधारण दोन सिमच्या फोनमध्ये एका नंबरवर बोलत असाल तर दुसरा लागत नाही. ओटीपीच्या सिमला त्याने काही फरक पडत नाही, पण धंद्याचा नंबर आणि घरचा नंबर असं करायचं असेल तर त्रास होतो.

वेगळा फोन कोणी घ्यावा? ज्यांचा फोन दिवसभर मुलांच्या हातात असतो त्यांनी, लोकलने रोज गर्दीत जाणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या मुख्य खात्यात आयुष्यभराची पुंजी आहे अशा रिटायर्ड माणसांनी. हा दुसरा फोन महागाचा नको. मी तर सांगेन बटणांचाच घ्या. कारण सांगते. सध्या व्हॉट्सॲपवर "तुमच्या गाडीचं चलन" किंवा "लग्नाची पत्रिका" म्हणून एक फाईल येते, उघडली की ॲप बसतं आणि ते ॲप गुपचूप मेसेज वाचून ओटीपी पुढे पाठवतं. तुम्ही कोणाला काही सांगितलेलं पण नसतं आणि पैसे गेलेले असतात. बटणांच्या फोनमध्ये ती फाईल उघडणारच नाही. ओटीपी त्या फोनवर येतो, नेटबँकिंग तुम्ही या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर करता, मध्ये हाताने आकडे टाईप करावे लागतात तेवढंच.

घेताना मात्र ४जी चालणारा बटणांचा फोन घ्या. जुना २जीवाला डबा घरात पडलाय म्हणून त्यात जिओचं सिम घातलंत तर रेंजच येणार नाही, जिओचं २जी नेटवर्क नाहीच. आणि जिओभारतसारखे स्वस्त फोन फक्त जिओच्याच सिमवर चालतात, ते आधी विचारून घ्या. एखादा जुना स्मार्टफोन वापरणार असाल तर त्याला अजून सिक्युरिटी अपडेट येतात का ते बघा, येत नसतील तर त्यात बँकेचं ॲप नको.

सेकंडहँड फोन घेताय? दुकानातच *#06# दाबा, १५ आकडी आयएमईआय नंबर येईल (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक). मग केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत, एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर टाका. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर उत्तरात कळतं. दुकानदार "अहो मॅडम आपलं रोजचं गिऱ्हाईक" वगैरे म्हणेल, तरी करा.

कंपनी कुठली

पहिल्या सिमची जी कंपनी आहे ती सोडून दुसरी. बस. एकाची रेंज गेली की दुसऱ्याची असते, कोकणात आणि घाटात तर हे फारच जाणवतं, आमच्या गावी घराच्या पुढच्या अंगणात एक आणि मागच्या न्हाणीपाशी दुसरी अशी परिस्थिती आहे. गावाकडे बीएसएनएल बरं चालत असेल तर ते घ्यायला हरकत नाही, फक्त तुम्ही जिथे वर्षातले अकरा महिने राहता तिथे घराच्या आत मेसेज वेळेवर येतो का ते आधी शेजाऱ्यांना विचारा. ओटीपी तीन मिनिटांनी आला तर काय उपयोग.

नंबर निवडताना फॅन्सी नंबरच्या मागे लागू नका. लक्षात राहायला सोपा नंबर बोलताना पटकन तोंडातून जातो, आणि हा तर कोणालाच सांगायचा नाहीये.

नवा नंबर खरं तर नवा नसतो

हे मला स्वतःला उशिरा कळलं म्हणून जरा थांबून सांगते. बंद झालेले नंबर कंपन्या परत विकतात. किमान ९० दिवस थांबतात आणि मग तो नंबर दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. माझ्या नव्या सिमवर दुसऱ्याच दिवशी कर्ज वसुलीवाल्याचा फोन आला, कोणा भलत्याच माणसाचं नाव घेऊन "हप्ता कधी भरताय". समजावून सांगितलं तरी ऐकेना.

म्हणून सिम चालू झाल्यावर लगेच बँकेत धावू नका, पंधरा दिवस नुसतं चालू ठेवा. तेवढ्यात हे करा. तो नंबर जुन्या फोनमध्ये एखाद्या भलत्याच नावाने सेव्ह करून व्हॉट्सॲपवर कोणाचा फोटो दिसतो का बघा. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये तो नंबर टाकून कोणाचं नाव येतं का बघा (पाठवू नका, नुसतं बघा). दुसऱ्या कोणाच्या बँकेचे मेसेज येतात का ते बघा. एखाद-दुसरा चुकून आलेला फोन चालेल, पण वसुलीवाले रोज फोन करत असतील किंवा कोणाच्या खात्याचे मेसेज येत असतील तर ते सिम बंद करून दुसरा नंबर घ्या. आत्ता एक सिम वाया गेलं तरी चालेल. आधार जोडल्यावर परत सगळं उलटं करायचं म्हणजे जीव जातो.

हलवायचा क्रम

पहिलं आधार. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलायचा, फी ७५ रुपये (आधी ५० होती, २०२५ च्या ऑक्टोबरपासून वाढली). अंगठा लागतो म्हणून वयस्कर माणसांना सकाळी न्या, गर्दी कमी असते आणि दोनदा प्रयत्न करायला वेळ मिळतो. पावती नीट ठेवा. बदल झाल्याचा मेसेज येईपर्यंत पुढे जाऊ नका, कारण बाकीच्या बऱ्याच ठिकाणी आधारचाच ओटीपी मागतात.

दुसरी बँक. शाखेत जाऊन फॉर्म भरणं सगळ्यात खात्रीचं. नंबर बदलल्यावर एक-दोन दिवस मोठे व्यवहार अडू शकतात, त्यामुळे मुलाची फी भरायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. मग पीएफ, डिमॅट, इन्कम टॅक्स, विमा असं एकेक, दिवसाला दोनच, आणि कागदावर टिक. कित्येक ठिकाणी आधी जुन्या नंबरवर ओटीपी येतो आणि मग नव्यावर, म्हणजे सगळं होईपर्यंत जुनं सिम चालू हवंच.

गुगलच्या खात्याला पण रिकव्हरीसाठी नवा नंबर द्या. हे लोक विसरतात, आणि ईमेल हातातून गेला की बाकी सगळं त्याच्या मागे जातं.

आता यूपीआय. इथेच सगळ्यांचं गाडं अडतं. यूपीआय ॲप चालू करताना बँकेत नोंदवलेल्या सिमवरूनच मेसेज जावा लागतो, म्हणजे ते सिम त्याच फोनमध्ये हवं. मग बटणांच्या फोनचं काय? यावर मी केलेला उपाय असा. दुसऱ्या एका बँकेत छोटं बचत खातं, त्याला जुना, जगाला माहीत असलेला नंबर, आणि भाजी, रिक्षा, वाणसामान सगळं यूपीआय त्या खात्यावरून. महिन्याच्या एक तारखेला मोठ्या खात्यातून तिकडे आठ हजार टाकते, संपले की परत थोडे. मोठ्या खात्यावर यूपीआय नाहीच. फोन कोणी हिसकावला तरी जास्तीत जास्त ते आठ हजार. बँक वेगळीच घ्या, एकाच बँकेत दोन खाती असली तरी ग्राहक एकच म्हणून नंबर सहसा एकच राहतो.

आणि ज्यांना एकाच खात्यावर सगळं ठेवायचंय त्यांनी निदान यूपीआय आयडी तपासा. बऱ्याच ॲपमध्ये तो आपोआप तुमच्या मोबाईल नंबरपासूनच बनलेला असतो, म्हणजे एवढं जपून ठेवलेला बँकेचा नंबर तुम्ही रोज प्रत्येक टपरीवर देताय! ॲपच्या प्रोफाईलमध्ये जाऊन नावाचा किंवा कसलाही दुसरा आयडी बनवा आणि नंबरवाला काढून टाका.

नंबर लपलेला कसा राहील

बँकेच्या नंबरवर व्हॉट्सॲप नको. फेसबुक, इन्स्टा तर मुळीच नको, कारण ही ॲप्स फोनमधले कॉन्टॅक्ट वाचून ओळखी जुळवतात आणि मग तुम्ही नंबर न देता पण "तुम्ही यांना ओळखता का" म्हणून तुम्ही कोणाच्या तरी पुढे येता. घरच्यांना नंबर द्यावाच लागला तर त्यांना सांगा की नावासकट सेव्ह करू नका. बाबांनी माझा नंबर "मनू बँकवाला नंबर" म्हणून सेव्ह केला होता. फोनमध्ये कॉलरचं नाव दाखवणारी जी ॲप्स असतात ती लोकांच्या कॉन्टॅक्टमधूनच नावं गोळा करतात, म्हणजे तो नंबर कोणाचा आणि कशासाठीचा ते दोन्ही बाहेर.

जुन्या नंबरचं व्हॉट्सॲप आहे तिथेच राहू द्या. ज्यांना धंद्यासाठी, क्लासेससाठी, स्थळांसाठी तिसरा नंबर हवाय त्यांनी, २०२३ पासून अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती चालतात, ते करा. ताईसाठी आम्ही हेच केलं, बायोडेटावर आता वेगळा नंबर आहे, त्या खात्यावर फोटो नाही, नाव फक्त "संपर्क", लग्न ठरलं की तो नंबर बंद. पण बंद करायच्या आधी त्यावरचं व्हॉट्सॲप खातं डिलीट करायचं, नाहीतर पुढे तो नंबर ज्याला मिळेल त्याच्या हातात तुमचे ग्रुप जायचे. सिम काढून ठेवून नुसतं व्हॉट्सॲप चालू ठेवायची सवय असेल तर ती पण सोडा, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने अशा ॲप्सना खातं सतत सिमशी जोडलेलं ठेवायचा आदेश दिलाय.

दुकानदार नंबर मागतो तेव्हा नाही म्हणता येतं. नंबर दिल्याशिवाय बिल नाही असा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय. मी शांतपणे "नंबर देत नाही, कागदी बिल द्या" एवढंच म्हणते. मागच्या रांगेत लोक चुळबुळ करतात, करू द्या.

सिमला कुलूप

हे मी हात जोडून सांगते, कराच. फोनला फिंगरप्रिंट आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि सगळे ओटीपी त्याला येतात, तुमच्या फोनचं लॉक उघडायची त्याला गरजच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये सिम लॉक किंवा सिम पिन असं असतं. ते चालू केलं की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आणि तुमचा फोन बंद करून चालू केल्यावर ४ आकडी पिन मागतं. सुरुवातीचा पिन कंपनीचा ठरलेला असतो, तो कस्टमर केअरला विचारूनच टाका, अंदाज करू नका. ३ वेळा चुकला की पीयूके नावाचा आकडा लागतो, तो पण १० वेळा चुकला की सिम कायमचं गेलं. चालू झाल्यावर लगेच स्वतःचा पिन ठेवा. आणि लॉकस्क्रीनवर मेसेज वाचता येतोय का ते बघा, येत असेल तर ते बंद करा, नाहीतर फोन न उघडता ओटीपी दिसतोच आहे.

ई-सिमचं (म्हणजे फोनच्या आतच असलेल्या सिमचं) काय असं विचाराल तर, चोरीच्या दृष्टीने चांगलं, काढताच येत नाही. पण फोन पडून फुटला तर साधं सिम काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घालता येतं, ई-सिमसाठी परत कंपनीच्या मागे लागावं लागतं. म्हणून माझं मत, बँकेचं सिम साधंच ठेवा, पिन लावून. रोजचा नंबर हवं तर ई-सिम करा. त्याच नंबरचं सिम कंपनीकडून बदलून घेतलं की २४ तास मेसेज बंद असतात, सुरक्षेसाठीच, आणि पुढचे ७ दिवस नंबर पोर्ट करता, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही.

रिचार्ज

२०२४ च्या जुलैत तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा अनेकांनी दुसरं सिम सोडून दिलं, आमच्या मावशीने पण. तिचा तो नंबर एका फिक्स डिपॉझिटला जोडलेला होता हे तिच्या लक्षातच नव्हतं. मुदत संपली तेव्हा ओटीपी जाऊ लागला कोणा परक्या बाईकडे, त्या बिचारीने मावशीला शेवटपर्यंत नीट उत्तरं दिली, पण नंबर काही परत मिळाला नाही आणि शाखेत तीन खेपा झाल्या.

ट्रायचा (मोबाईल कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम असा की ९० दिवस काहीच वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर ते २० कापून महिनाभर नंबर राखला जातो. पण व्हॅलिडिटी संपल्यावर मेसेज येणं थांबलं तर नुसता नंबर जिवंत असून काय करायचं? बँकेच्या सिमला म्हणून नेहमी पॅक असू द्या. नेट नको, नुसतं बोलणं आणि एसएमएसवालं मोठ्या मुदतीचं पॅक मागा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ट्रायने कंपन्यांना असे नेटशिवायचे पॅक ठेवायला लावलेत, मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. कंपनीच्या ॲपमध्ये ते पुढे दिसत नाहीत, खाली शोधावे लागतात. वर्षभराचं मारा आणि संपायची तारीख कालनिर्णयावर लिहा, मोबाईलच्या आठवणीवर राहू नका. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या फोनवरून त्यावर फोन लावून उचला, बटणांचा फोन चार्ज आहे का तेही त्यातच कळतं.

प्रवासाला निघताना

काश्मीर आणि लडाखला जाणाऱ्यांसाठी पहिलं: बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, फक्त पोस्टपेड चालतं. आईबाबा टूरबरोबर श्रीनगरला उतरले तेव्हा दोघांचे फोन मेले आणि इकडे आम्ही रात्री नऊपर्यंत जिवाला घोर लावून बसलो होतो, शेवटी टूरवाल्याच्या फोनवरून आईचा आवाज ऐकला. दोन सिमपैकी एक पोस्टपेड असेल तर हा प्रश्नच येत नाही. प्रीपेडचं पोस्टपेड ओटीपीवर करता येतं, पण निघायच्या आठ-दहा दिवस आधी करा आणि परत प्रीपेड कधी करता येईल ते त्याच वेळी विचारून घ्या.

परदेशी जाताना बटणांचा फोन घरी ठेवा, कित्येक देशांत जुनी नेटवर्कं बंद झालीत, तो तिथे चालेलच असं नाही. बँकेचं सिम स्मार्टफोनच्या दुसऱ्या खाचेत घाला आणि भारतात असतानाच कंपनीच्या ॲपमधून इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, तिकडे गेल्यावर ते करायलाच ओटीपी मागतात. मग सेटिंगमध्ये त्या सिमचं डेटा रोमिंग बंद, आणि आपोआप दुसऱ्या सिमवरचा डेटा वापरायची सोय असेल तर ती पण बंद. मेसेज येण्याला साधारणपणे पैसे पडत नाहीत, फोन उचलला तर मात्र पडतात, म्हणून पॅक नसेल तर त्या नंबरवरचा फोन उचलू नका.

नेटसाठी तिथलं सिम विमानतळावर पासपोर्ट दाखवून घ्या, किंवा कमी दिवस असतील तर आपल्याच कंपनीचं रोमिंग पॅक पुरतं, चार दिवसांसाठी जास्त हिशोब करू नका. एअरालो, होलाफ्लाय अशी प्रवासी ई-सिमची ॲप्स २०२४ च्या जानेवारीत भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढली गेली, त्यामुळे कोणी परदेशातल्या नातेवाइकाने सुचवलं तर ते इथे मिळालं नाही म्हणून घाबरू नका. ई-सिम कुठूनही घेतलं तरी त्याचा क्यूआर कोड दुसऱ्या स्क्रीनवर किंवा कागदावर असलेला बरा, ज्या फोनमध्ये घालायचंय त्याच्याच स्क्रीनवरचा कोड प्रत्येक फोनला स्कॅन करता येतोच असं नाही. आणि एकदा घातलेलं ई-सिम चुकून डिलीट करू नका, बऱ्याचदा तोच कोड परत चालत नाही.

नवं सिम घातलं की व्हॉट्सॲप विचारतं नंबर बदलायचा का. नाही म्हणा. दुबईला जाणाऱ्यांनो, तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाहीत, घरच्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे आई काळजी करत बसणार नाही.

फोन हरवला तर

कागदाची एक चिठ्ठी करा आणि पाकिटात नको, घरच्या कपाटात आणि घरातल्या एका माणसाकडे ठेवा. त्यावर दोन्ही फोनचे आयएमईआय, दोन्ही सिमच्या कंपन्यांचे कस्टमर केअर नंबर, बँकेचा कार्ड ब्लॉक करायचा नंबर, आणि १९३०. पैसे गेले असतील तर पहिल्या काही मिनिटांत १९३० ला फोन, जितका लवकर तितके पैसे मध्येच थांबवता यायची शक्यता जास्त. नाही गेले तर आधी सिम बंद, मग बँक, मग पोलीस तक्रार, आणि त्या तक्रारीची प्रत जोडून संचार साथीवर फोन ब्लॉक. आमच्या चिठ्ठीवर ताईने खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "बँकवाला म्हणून कोणाचाही फोन आला की आधी मनूला लावणे". तो कागद फ्रीजच्या शेजारच्या कपाटाला आतून चिकटवलाय.